बाबांसाठी दहा माणसं

महाड, २८ ऑगस्ट २०२५

चि. शमू यास,

चिरंजीव लिहिलं, कारण धाकट्या भावाला तसं लिहितात. आशीर्वाद या वेळी लिहीत नाही. पत्र कागदावर लिहितो आहे, तुझी वहिनी रिबका पानांचे फोटो काढून तुला पाठवील. अंगठ्याने टाइप करून भांडणं मला जमत नाही.

तुझा मेसेज सोमवारी आला. 'वर्षभरात माझ्याकडून कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं गेलं असल्यास मोठ्या मनाने क्षमा असावी.' खाली जोडलेले हात, कबुतर आणि एक मेणबत्ती. तोच मेसेज रिबकाला आला, ठाण्याच्या बेन्जामिनला आला, आईच्या नंबरवर आला. तो तिला मीच वाचून दाखवला. शेजारच्या महिपतलाही आला. तो दुकानात येऊन चार गिऱ्हाइकांसमोर विचारतो, "हनोखशेठ, तुमचा शमू माझी माफी कशाला मागतोय? नववीत माझी सायकल नेऊन गांधारी नदीत घातली, त्याची का?" सगळे हसले. मीही हसलो. हातात मोटारीची अर्धी भरलेली कॉइल होती, तिचे वेढे पुन्हा मोजावे लागले.

दारफळणीच्या उपासाच्या सणाआधी ज्याचं वाईट केलं त्याची माफी मागायची, ही आपल्या बेने इस्रायलांतली रीत. ती त्याच्यासमोर जाऊन मागायची असते, यादीतल्या सगळ्यांना एकदम नव्हे. आणि 'कळत-नकळत' हे तर अजिबात चालणार नाही. कळत काय केलंस ते मला आता ठाऊक आहे.

त्याआधीच्या रविवारी घरी मलिदा ठेवला होता. आई न्यूमोनियातून उठली, त्याचा नवस होता. पोहे, खोबरं, फळं, सगळं रीतीप्रमाणे. बेन्जामिनची मुलगी रूथ सुट्टीवर आली आहे, तीही होती. ती तिकडे इस्रायलात, तुमच्याच दिमोनात नर्स आहे हे आईला आठवलं. आईने मोठ्या कौतुकाने विचारलं, "काय गो, आमचा शमू मशिदीत रोज कद्दीश बोलतो, तू आयकलास काय?"

"कुठली मशीद, आजी?"

"आपलं प्रार्थनाघर गो."

रूथ म्हणाली, "शमूकाका? ते नाही येत. डिसेंबरपासून मी तरी पाहिले नाहीत." आणि मग आमच्या तोंडाकडे बघून तिने हातातली वाटी खाली ठेवली.

दर शुक्रवारी शब्बाथचा दिवा लागायच्या आधी मी तुला फोन करून एकच विचारत होतो. झालं का? तू म्हणायचास, "झालं दादा, रोज होतंय." बाप गेल्यावर मुलाने अकरा महिने कद्दीश म्हणायचं, आणि ते दहा पुरुष हजर असल्याशिवाय म्हणता येत नाही. महाड आणि पोलादपूर मिळून आपले पुरुष आता एका रिक्षात बसतील. तुझ्या घरासमोरचा रस्ता ओलांडला की प्रार्थनाघर. म्हणून ठरलं होतं, कबर मी बघायची आणि कद्दीश तू म्हणायचं. पुराचा गाळ कबरीवरून मी दोनदा काढला. तू काय केलंस?

२ नोव्हेंबरला, रविवारी, बाबांना वर्ष होतं. त्या दिवशी मी कबरीपाशी दहा माणसं उभी करणार आणि कद्दीश स्वतः म्हणणार. इतक्या महिन्यांत मला ते एकदाही म्हणता आलेलं नाही. तुझ्याशिवाय दहा जमवीन. तिकीट काढलं असशील तर रद्द कर.

हनोख


महाड, ७ सप्टेंबर २०२५

शमू,

तुझा आवाजी निरोप तीनदा ऐकला. पाठीमागे मिक्सर चालू होता. माफी मागताना मिक्सर बंद करायला सांगता येतं.

तू काय म्हणालास ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे माझं-तुझं होणार नाही. महिनाभर म्हटलंस. मग एक दिवस उभा राहिलास आणि शब्द निघेनात. 'देवाचं नाव मोठं होवो' म्हणायला तोंड उघडलं की डोळ्यांपुढे महाडचा एस.टी. स्टँड, आणि तुम्ही इस्रायलला जायला गाडीत बसल्यावर पाठ फिरवून उभे राहिलेले बाबा. सोळा वर्षांत त्यांनी तुझा फोन हातात घेतला नाही. "रोज उभं राहून खोटं बोलायचं का, दादा? मला ते ढोंग वाटायला लागलं. आणि तुला सांगितलं असतं तर तू झोपला नसतास, म्हणून हो म्हणत गेलो. सॉरी."

म्हणजे देवापुढे ढोंग नको आणि माझ्यापुढे चालेल.

आता ऐक. मला हे कुणी शिकवलेलं नाही. शाळेत दहावीला दोनदा बसलो हे तुला ठाऊकच आहे. मोटार रिवाइंडिंग मी जळलेल्या मोटारी उघडून शिकलो आणि हिब्रू अक्षरं बाबांच्या फाटक्या पुस्तकावरून, दुकानात, वार्निश वाळेपर्यंत गिरवली. त्यामुळे माझ्या वाचनात कुठे चूक असेल तर दाखव. कद्दीशमध्ये बाबांचं नाव आहे? नाही. मरणाचा एक तरी शब्द आहे? नाही. बाप चांगला होता असं लिहिलंय? कुठेही नाही. नुसती देवाची थोरवी. ज्याचा माणूस कालपरवा मातीत गेला त्याला उभं करून स्तुती म्हणायला लावायची, हे ज्यांनी ठरवलं त्यांना त्या माणसाच्या मनात त्या वेळी काय असतं ते माहीत नव्हतं, असं वाटतं तुला? माहीत होतं म्हणूनच मनावर सोडलं नाही. तुझ्या मनाला कुणी आमंत्रण दिलं नव्हतं. उभं राहायचं, तोंडाने म्हणायचं, बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. मन आलं तर मागून येईल, नाही आलं तरी बाबांचं काम झालं. एवढं साधं होतं.

आणि बाबा शेवटपर्यंत तुझी आठवण काढत होते. हे मी तुला दर शुक्रवारी सांगत होतो.

जानेवारीत मी म्हसळ्याच्या प्रार्थनाघरात गेलो होतो, ते तुला सांगितलं नव्हतं. कुणी म्हणालं होतं की मुंबईची मंडळी येणार आहेत, दहा सहज होतील. एस.टी.ने गेलो, माणगावला गाडी बदलली. सात झाले. आम्ही सात जण दुपारपर्यंत दाराकडे बघत बसलो. शेवटी तिथल्या म्हाताऱ्याने कुलूप लावलं आणि मला चहा पाजला. परत येताना वाटलं, असू दे, तिकडे शमू म्हणतो आहे.

जूनमध्ये तुमच्याकडे सायरन वाजत होते तेव्हा दिवसातून दोनदा फोन करत होतो. तो आईसाठी. उगाच गैरसमज नको.

माणसं जमवायला सुरुवात केली आहे. बेन्जामिन आणि त्याचा मुलगा नक्की. पोलादपूरचे एलियाजीकाका नक्की. रोह्याचा डॅनियल म्हणतो, रविवारी त्यांची क्रिकेटची मॅच आहे. मी म्हटलं, मेलेल्या माणसाला तारीख बदलता येत नाही, मॅचला येते. बघतो म्हणाला. पेणचे दोघे यायचे म्हणतात. महाड-पोलादपूरचे आणखी दोघे धरून, डॅनियल सोडून, माझ्यासकट आठ झाले. अजून दोन महिने आहेत.

हनोख


महाड, १९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

शमू,

मघाशी फोनवर मी जे तीन शब्द बोललो ते आईमुळे. ते मोजू नकोस.

झालं असं. दिवा लावायची वेळ झाली. मी आपला भिंतीकडे बघत बसलो होतो. सकाळी नाते गावच्या एका बागायतदाराने दोन मोटारी परत आणून टाकल्या होत्या. म्हणे, आवाज करतात. बेअरिंगचा आवाज होता, वाइंडिंगचा नव्हता, पण ऐकणार कोण? त्याला मी हसून 'बघतो शेठ' म्हटलं. घरी आल्यावर हसायचं शिल्लक नव्हतं. आई म्हणाली, "दिव्यासमोर असला तोंड करून बसू नको रे."

म्हटलं, "माझं तोंड आहे. मनात जे आहे तेच दिसणार."

"तुजा तोंड तुला कदी दिसतो काय? आमाला बघायला लागतो. मंग तुजा कसा झाला?"

रिबका पदराआड हसत होती. मग आईने माझ्याच फोनवरून तुला लावायला सांगितलं आणि फोन माझ्या कानाला धरला. शब्बाथ शालोम शमू. एवढं बोललो. तू लगेच सुरू झालास. दादा कसा आहेस, पाऊस कसा आहे, वरंध्याचा रस्ता उघडला का. जणू काही झालंच नाही. तुझं हे मला कधी कळलेलं नाही. लहानपणी मार खाऊन उठलास की दोन मिनिटांत शीळ घालायचास. बाबांना त्याचाच राग यायचा.

मग विचारलंस, "दादा, दोन तारखेला येऊ का?" मी काही बोलायच्या आत आईने फोन ओढून घेतला. "ये रे बाबा. घर तुजा हाय. माजा वय झालाय, पुढच्या वर्षाचा कोनी बघितलाय."

घर तिचं आहे, ती बोलावू शकते. पण कबरीपाशी कोण उभं राहील ते मी ठरवणार. आईला भेटायचं तर भेट, डेपोजवळ लॉज आहे.

आणि आईसमोर नाटक नको म्हणून इथेच स्वच्छ लिहितो. माफी मागायची असेल तर नीट माग. मिक्सर नको, कबुतर नको. हाताने लिही. काय केलंस, कधी केलंस, कुणाशी खोटं बोललास, सगळं एकेक करून. आणि मुख्य म्हणजे मनापासून लिही. मनापासून येत नसेल तर मागूच नकोस. तोंडदेखलं मी काही घेत नाही. जुन्या जळक्या तारेवर नवं वार्निश मारून गिऱ्हाइकाला मोटार देणारा माणूस मी नव्हे, आणि घेणाराही नव्हे.

एलियाजीकाका मंगळवारी अंगणात शेवाळावरून घसरले. मांडीचं हाड मोडलं, मुंबईला नेलंय. म्हणजे ते गेले हिशेबातून. डॅनियल अजून 'बघतो'च म्हणतो आहे. पेणचा एकजण नोव्हेंबरात मुलाकडे जाणार. जमतील. तुला ते बघायचं कारण नाही.

हनोख


महाड, २८ सप्टेंबर २०२५

शमू,

तुझं पान नव्याच्या सणाला, आपल्या वर्षाच्या पहिल्या दिवशी मिळालं. सण आटोपेपर्यंत उत्तर दिलं नाही.

अक्षर तुझं आहे हे मान्य. मराठी लिहायची सवय गेली आहे, तरी ओळी सरळ आहेत. मी सांगितलं होतं ते सगळं त्यात आहे. कधी थांबलास, किती शुक्रवार खोटं बोललास, आईला काय सांगितलंस. एकही गोष्ट सोडलेली नाही. आणि वाचून मला काहीच वाटलं नाही. पोलीस पंचनामा करतात तसं आहे. शेवटी लिहिलंस, 'मी मनापासून माफी मागतो.' हे मी सांगितलं म्हणून लिहिलंस. मनापासून असतं तर लिहावं लागलं नसतं. बाबांविषयी तर एक ओळसुद्धा मऊ नाही. म्हणजे राग तसाच आहे आणि वर माफीचा कागद. हे मी स्वीकारत नाही.

इथपर्यंत मी काल लिहिलं होतं. पान रिबकाला फोटो काढायला दिलं. तिने वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "हे मी पाठवणार नाही."

म्हटलं, "तू फक्त फोटो काढायचा आहेस."

"पोस्टमनला डोळे नसतात. मला आहेत." मग म्हणाली, "अहो, एक विचारू? भाऊजी कद्दीश म्हणत नव्हते, का, तर मनात नव्हतं. तुम्ही काय लिहिलंत त्यांना? मनाला कुणी आमंत्रण दिलं नव्हतं. तोंडाने म्हणायचं, काम झालं."

"बरोबरच आहे ते."

"बरोबर ना? मग तुमच्या सासऱ्यांच्या... चुकले, माझ्या सासऱ्यांच्या वेळी मन नसलेलं चालतं. देवाला चालतं. आणि तुमच्या पुढ्यात आलं की मनापासूनच पाहिजे? तुम्ही कोण हो, देवाच्या वर?"

मी म्हटलं, कद्दीश वेगळं आणि माफी वेगळी. त्यात दोन माणसं असतात. फसवलेल्या माणसाला समोरच्याचं मन बघायचा हक्क असतो.

"बघा की. कसं बघणार? वाइंडिंगसारखं उघडून?"

माझा आवाज चढला हे खरं. म्हटलं, तो आठ महिने गोड बोलून मला फसवत होता, आणि तू त्याची बाजू घेतेस. तर शांतपणे म्हणाली, "गोड बोलून? आणि बाबा तुमची आठवण काढतात, असं तुम्ही भाऊजींना दर आठवड्याला सांगायचात. मी याच घरात होते. कधी काढली?"

ते वेगळं होतं. आजारी माणसाच्या घरात चार गोष्टी सांभाळून बोलाव्या लागतात. तू इतका लांब, त्यात युद्ध. तिला ते कळत नाही.

तिचं म्हणणं असं की तू तीनदा माफी मागितलीस. मेसेज, आवाज, आणि हे पान. तीनदा मागूनही दिली नाही तर मागणारा सुटतो आणि न देणाऱ्याच्या माथ्यावर ओझं येतं. हे तिला मीच कधीतरी सांगितलं होतं. पण पहिली मोजता येत नाही. ज्या मेसेजमध्ये महिपतचीही माफी आहे ती माझी माफी नव्हे. म्हणजे दोनच झाल्या. हे मी तिला सांगितलं तर ती स्वयंपाकघरात निघून गेली आणि तिथून मोठ्याने म्हणाली, "मोजा, मोजत बसा."

कालपासून घरात कुणी माझ्याशी धड बोलत नाही. आई बोलते, पण भिंतीशी. आज रिबका म्हणाली, तुमचं पान पाठवते, पण माझं बोलणंही त्यात लिहा, मगच. म्हणून हे सगळं लिहिलं. जसं बोलली तसं लिहिलं आहे, एक शब्द बदललेला नाही.

माझं मत बदललेलं नाही.

हनोख

ता. क. डॅनियल येत नाही. मॅच आहे.


महाड, ३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

शमू,

आज शिळा सण, दारफळणीचा दुसरा दिवस. बाबांचे अकरा महिने आज भरले. तिकडे कुणी कद्दीश म्हटलं नाही, इकडे कुणाला म्हणता आलं नाही. असेच भरले.

बुधवारी काय झालं ते फोनवर तुला अर्धंच ऐकू आलं असेल, म्हणून लिहितो. दुपारी लवकर दुकान बंद केलं. आपली दारफळणी आणि दसरा या वर्षी एकाच दिवशी, गुरुवारी. त्यामुळे बाजारात झेंडूचे ढीग, रस्त्यावर पाणी मारून गाड्या धुणं चाललेलं. महिपतच्या घरी धम्मचक्र दिनाचे पांढरे कपडे वाळत होते, आमच्या दोरीवर आमचे पांढरे. तो म्हणाला, "शेठ, उद्या सगळं महाड नटणार आणि आपण दोघंच पांढऱ्यात." मी म्हटलं, तू जेवून पांढऱ्यात, मी उपाशी.

घरी आलो तर आई खाटेवर बसलेली. म्हणाली, "बस हतं." बसलो.

"एलियाजी आन तुजा बाप बोलत नवते, ठावं हाय ना?"

ठाऊक होतं. प्रार्थना कोणी वाचायची यावरून भांडण. आपण लहान होतो.

"किती वरसं बोलत नवते. पन शुक्कुरवारी प्रार्थना झाली का हातबोशी द्यायचे. तुजा बाप दात खात द्यायचा. मी बायकांतून बघायची ना. ह्याचे हात त्याच्या हाताला लागायचे, आपली बोटं ओठाला न्यायची, तोंड दुसरीकडं. मी येकदा इचारला, मनात नाय तर देता कशाला? तर माज्यावर वराडला. बोलला, मनात असता तर हात कशाला लागला असता!"

म्हटलं, "मग पुढे बोलायला कधी लागले?"

"मला काय म्हाईत. येक दिवस बोलत व्हते."

बाबांनी हे मला कधी सांगितलं नाही. मला त्यांनी बरंच काही सांगितलं नाही. शेवटचं वर्षभर मी त्यांना उठवत होतो, बसवत होतो, पुसत होतो, आणि ते माझ्याकडे न बघता खिडकीतून बघायचे. तुझ्याकडे पाठ फिरवली ती एकदा. असो. हा विषय वेगळा.

दिवे लागायच्या आधी तुझा फोन आला. मी उचलणार नव्हतो. रिबकाने उचलून स्पीकरवर ठेवला. तू म्हणालास, "दादा, लिहिलं त्याहून जास्त मला काही येत नाही. मनात काय आहे ते मलाच धड कळत नाही. पण माफ कर."

मी म्हटलं, "केलं."

आई म्हणाली, "पुरा बोल."

तेव्हा जो खुर्ची सरकल्याचा आवाज तुला आला तो मी उभा राहिल्याचा. अशा गोष्टी बसून म्हणू नयेत. तीनदा म्हणायचं असतं ते तीनदा म्हटलं. शमू, माफ केलं. माफ केलं. माफ केलं. तिसऱ्या वेळी आवाज जरा बिघडला, तो घसा कोरडा होता म्हणून. पाणी शेवटचं प्यायचं राहून गेलं होतं.

मग आईने फोन हातात घेतला, पुढचं तुमचं तुम्ही बोललात.

आता खरं लिहितो, कारण पत्रात खोटं लिहायची मला सवय नाही. मनातून काही हललं नाही. काल दिवसभर उपाशी, दार लावून, पांढऱ्या कपड्यांत प्रार्थना वाचत बसलो, बाहेर ढोल-ताशे. मी वाट बघत होतो. म्हटलं, तीनदा म्हटलंय, आता राग थोडा उतरेल. संध्याकाळी देवाची दारं बंद होतात त्या वेळेपर्यंत वाट बघितली. राग होता तिथेच होता. मग जेवलो. भूक मात्र चांगली लागली होती.

तेव्हा तुला ये म्हणतो आहे ते गोडी झाली म्हणून नव्हे, हे ध्यानात घे. कारण लिहितो. लिहायचं नव्हतं, पण आज सकाळी रिबकाला सांगितलं, ती म्हणाली लिहा. फोन करकरून आणखी दोघे मिळाले, तेव्हा माझ्यासकट आठ आहेत. एलियाजीकाकांनी मुंबईहून निरोप पाठवला की वॉकर घेऊन, गाडीत आडवं पडून का होईना, येणार. ते नऊ. मी रोह्यापासून ठाण्यापर्यंत ज्याचा नंबर मिळाला त्याला फोन केला. लोक फार गोड बोलतात, आणि येत नाहीत. दहावा माणूस मिळत नाही. तू नाही आलास तर नऊ जण कबरीभोवती उभे राहतील, नुसते गवत बघतील आणि चहा पिऊन घरी जातील. म्हसळ्याला जसं झालं तसं. मला ते पुन्हा सोसणार नाही. बाबांचं कद्दीश मला आयुष्यात एकदा तरी म्हणायचं आहे.

दहा मोजताना कुणी विचारत नाही की तुझ्या मनात काय आहे. मोजणारा बोट दाखवतो आणि पुढे जातो. मी बोट दाखवीन.

३० तारखेच्या गुरुवारपर्यंत पोहोच, म्हणजे प्रवासात शब्बाथचा शनिवार मध्ये येणार नाही. पनवेलला उतरून एस.टी. पकड, खाजगी गाड्या हायवेवर सोडतात आणि मग आत यायला रिक्षावाले मागतील ते द्यावं लागतं. लॉजचं मी लिहिलं होतं ते सोड. आई ऐकणार नाही. पुढच्या खोलीत खाट टाकली आहे, पंखा मी स्वतः भरलेला आहे, आवाज करत नाही.

कद्दीश दोघांनी म्हणायचं आहे, दोन्ही मुलांनी. मी थोडा सावकाश म्हणतो, तू तुमच्याकडच्यासारखं पळवू नकोस. मधेच तुझे शब्द निघेनासे झाले तर थांबू नकोस, बाहेर जाऊ नकोस आणि मला समजावायला येऊ नकोस. माझ्या डाव्या अंगाला उभा राहा. पुढचं मी म्हणीन.

हनोख